कॅम्पनंतर

मिलू,

तुझ्याशी बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं. आज अठरावा दिवस. अबोला धरण्याचा माझा आजवरचा विक्रम पावणेदोन तासांचा, आणि तोही तू सहावीत असताना माझ्या गॅदरिंगच्या ओढणीला चार सुतळ्या बांधून आईचा खलबत्ता गच्चीवरून खाली सोडलास तेव्हाचा. ओढणी काही उघडली नाही. खलबत्ता शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवर पडला. ही गोष्ट मी घरातल्या प्रत्येक लग्नात सांगत आले आणि प्रत्येक लग्नात तू मागून ओरडायचास, "ताई, फक्त बत्ता होता. खल वरच होता. किती वाढवतेस." आता मी लिहिते आहे, तेव्हा खल आणि बत्ता दोन्ही पडले होते. कर दुरुस्त.

गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहावं म्हणतात. जमलं तर लिहीन पुढे. आधी तुला झापायचं आहे.

तुझी रिग माझ्या दिवाणावर पडली आहे. गौरी म्हणाली, "ताई, ही तुम्ही घेऊन जा. मला दिसायला नको." तेराव्यानंतर तुझी बायको माझ्याशी बोललेलं हे पहिलं आख्खं वाक्य. मी ती मांडीवर घेऊन रिक्षात बसले. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "आंटी, बच्चे का बैग है क्या? बड़ा भारी दिख रिया." मी म्हटलं, "हाँ भिया, बच्चे का ही है." छेचाळीस वर्षांचा बच्चा. सांवेर रोडच्या नमकीनच्या कारखान्यात क्वालिटीचा साहेब. शेवेच्या पाकिटावरची तारीख पुसट उमटली तरी आख्खी गाडी थांबवणारा.

आलेल्या-गेलेल्यांना मी ती वस्तू समजावून सांगते. पाठीवर घ्यायचं दप्तरच आहे, पण आत दोन पॅराशूट. एक नेहमीचं, एक राखीव. शिवाय एक छोटं यंत्र. माणूस हवेत बेशुद्ध पडला तर ठराविक उंचीवर ते राखीव पॅराशूट आपणहून उघडतं. तू मला हे दाखवलंस तेव्हा म्हणाला होतास, "मतलब बघ ना ताई, मी झोपलो तरी हे जागं." हे मी आलेल्या-गेलेल्यांना सांगत नाही.

हे वेड तुला लागलं कसं, तेही लोक विचारतात. मी सांगते, ऑफिसच्या लोकांबरोबर उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला गेला आणि दर्शनाची रांग मोठी म्हणून धावपट्टीकडे वळला. हे थोडं वाढवलेलं आहे. पण दोन हिवाळ्यांपूर्वी तिथे तू शिक्षकाच्या पोटाला बांधून घेऊन पहिली उडी मारलीस आणि आलास तेव्हा तुझा चेहरा बारावी पास झाल्यासारखा होता, हे खरं आहे. आपले पणजोबा संस्थानच्या रिसाल्यात होते. दादांच्या सांगण्यानुसार ते रणात पडले, आत्याच्या सांगण्यानुसार नुसते घोड्यावरून पडले. त्यानंतर तीन पिढ्या आपल्या घरात कोणी शिडीवर चढलं की खाली दोघं शिडी धरायला उभी राहत आली. मी तर मेळ्यातल्या पाळण्यात बसले आणि वर गेल्यावर खाली उभ्या असलेल्या पाळणेवाल्याला हात जोडले. अशा घरातला तू. थायलंडला जाऊन शिकून आलास, एकट्याने उड्या मारायचं लायसन्स घेऊन आलास.

मी अट घातली होती, उडीच्या आधी मला सांगायचं नाही, नंतर सांगायचं. तू पाळलीस. एकेचाळीस उड्या, एकेचाळीस फोन. "ताई, उतरलो." बस, दोन शब्द. एकदा मी बँकेच्या रांगेत होते, एकदा कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला. मला वाटायचं, हा मुलगा मला सगळं सांगतो. बघ, किती हुशार आहे मी.

मग स्वतःची रिग घ्यायची वेळ आली. तीन महिने तू त्याचा अभ्यास केलास. तुझे ते सूबेदारजी, फौजेतून निवृत्त झालेले, पॅराशूट तपासून घडी घालून देणारे, त्यांना तू दिवसातून चार फोन करायचास. ते म्हणत होते, नवशिक्याने मोठं पॅराशूट घ्यावं, मोठं हळू उतरतं, चूक झाली तर सांभाळून घेतं. अनुभव आला की मग लहान. तुला लहान हवं होतं, कारण ते पोपटी रंगाचं होतं. माणसं जीव टांगायची वस्तू रंगावरून घेतात हे मला तेव्हा कळलं. तू निवाडा करायला माझ्याकडे आलास.

मी म्हटलं, "मोठं घे. वाढत्या अंगाचं."

आपल्याकडे सगळंच वाढत्या अंगाचं घेत आले ना. माझा पाचवीचा स्कर्ट नववीत गुडघ्याला आला होता.

"ताई, मी छेचाळीसचा आहे. आता कुठे वाढणार?"

"पोट बघ."

शेवटी मधलंच घेतलंस. सूबेदारजी म्हणाले ठीक है, तू म्हणालास ठीक है, आणि दोघांनाही ते ठीक वाटलं नव्हतं. हे भांडण अजून बाकी आहे. सूबेदारजींनी परवा फोनवर मला पुन्हा ऐकवलं, "दीदी, मैंने तो बड़ा वाला बोला था."

ज्या बंगळूरच्या बाईकडून तू ती जुनी रिग घेतलीस, तिने बरोबर दोन पानांची यादी पाठवली होती. उजव्या पट्ट्याची शिवण एकदा उसवली होती, पुन्हा घातली. एकदा नांगरलेल्या शेतात उतरले, धुतलं, पण एक डाग गेला नाही. छातीच्या पट्ट्यावर लिपस्टिक. तू ती यादी मला पोथीसारखी वाचून दाखवलीस. "याला म्हणतात माणसं, ताई. या लाइनमध्ये कोणी काही लपवत नाही. सगळं सांगावंच लागतं. आपल्याकडे स्कूटर विकताना मीटर मागे फिरवतात."

हे तू बोललास. तुझ्या तोंडाने.

मग महिनाभर तू दर संध्याकाळी रिग पाठीला लावून माझ्याकडे यायचास, कारण गौरी तुला तिच्या हॉलमध्ये हे करू द्यायची नाही. मला स्टुलावर पालथं झोपवून, पोट खाली, छाती वर, हातपाय मागे, हवेत कसं पडायचं ते शिकवलंस. मी अठ्ठ्याहत्तर किलोची, स्टूल आईच्या वेळचं. ते कुरकुरलं तेव्हा तू म्हणालास, "घाबरू नको, राखीव स्टूल आहे." मी इतकी हसले की उठता येईना. त्याबद्दल तुझी आभारी आहे, मिलू. घे, लिहिलं चांगलं.

आणि माझं काम होतं ओरडण्याचं. तू पंख्याखाली उभा राहायचास, डोळे मिटून, आणि मी अचानक ओरडायचं, "बिघाड." मग तू मान खाली घालून बघायचास, उजवं लाल हँडल ओढायचास, म्हणजे बिघडलेलं पॅराशूट सुटून जातं, मग डावं चंदेरी ओढायचास, म्हणजे राखीव उघडतं. खरं ओढायचं नाही, नुसतं हात नेऊन दाखवायचं. मी पोळ्या करता करता ओरडायचे, फोनवर बोलता बोलता ओरडायचे. खालच्या मजल्यावरच्या काकांनी एकदा विचारलं, घरात काही प्रॉब्लेम आहे का. सराव शंभरदा तरी झाला असेल. तुझा हात एकदाही चुकला नाही. संकट आलं की क्षणभरही विचार करायचा नाही, असं तूच मला सांगायचास. विचार करत बसलं की जमीन जवळ येते.

आता त्या रविवारवर येते. मला यायचं नाहीये, पण येते.

तू सकाळी पोहे, जलेबी आणि दोन कचोऱ्या घेऊन आलास. पोह्यांवर जीरावन मसाला कमी आहे म्हणून माझ्या डब्यातलं आणखी घातलंस. मग दिवाणावर बसून छाती चोळायला लागलास. कपाळावर घाम होता. नोव्हेंबरात.

"काय रे?"

"काही नाही. जरा भरल्यासारखं वाटतंय."

"भरणारच. दोन प्लेटी हाणल्यास. थांब."

आणि मी ओवा आणला. इंदूरचा माणूस छातीत दुखलं की पहिल्यांदा गॅस म्हणतो, दुसऱ्यांदा ॲसिडिटी म्हणतो, आणि तिसऱ्यांदा बहुतेक बोलायला उरत नाही. मी ओव्यात काळं मीठ घातलं, तळहातावर चोळलं, तुझ्या तोंडात घातलं. वर म्हटलं, "उडी मारणारे म्हणे, आणि एका कचोरीने आडवे." तू कोमट पाणी प्यायलास आणि ढेकर दिलास. मोठा, खणखणीत. "घे, गेला गॅस. तुझ्या ओव्याला सर्टिफिकेट दिलं पाहिजे."

सोमवारी अकरा वाजता तू कारखान्यात, प्रयोगशाळेच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेलास. हातात पाकीट होतं म्हणे, तारीख बघत होतास.

त्यानंतर तेरा दिवस मी एकच गोष्ट सांगितली. जो येईल त्याला. मी ओवा दिला. मला कळायला हवं होतं. माझ्या हाताने ओवा दिला, डॉक्टरकडे नेलं नाही. मिलू, मी गोष्ट सांगणारी बाई आहे, माझ्याने साधं सांगवत नाही. चौथ्या दिवसापर्यंत त्या गोष्टीत ओवा चोळणारा तळहात आला होता, सातव्या दिवसापर्यंत तुझा केविलवाणा चेहरा आला होता, जो नव्हता. लोक माझ्या पाठीवरून हात फिरवायचे. कोपऱ्यात बसलेली गौरी एक शब्द बोलायची नाही. मला वाटायचं, ती मनात म्हणत असेल, हो, तुम्हीच.

आणि परवाच्या परवा, म्हणजे रिग माझ्याकडे आल्याच्या दिवशी, सूबेदारजींचा फोन आला. विकायची असेल तर राखीव पॅराशूटचं कार्ड लागेल. "पीठ की तरफ छोटी सी जेब है दीदी. उसी में रहता है. पिछली बार किसने पैक किया, कब किया, सब उसमें लिखा है."

खिसा सापडला. कार्ड सापडलं. कार्डाच्या मागे चार घड्या घातलेला कागद होता.

हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी. त्या रविवारच्या अकरा दिवस आधीची. चालत्या पट्ट्यावरची तपासणी ठीक आली नाही. आठवड्याच्या आत अँजिओग्राफी करावी. धावपळ, प्रवास, उड्या बंद. 'उड्या' खाली डॉक्टरांनी दोन रेघा मारलेल्या, म्हणजे तू त्यांना सांगितलं होतंस. आणि कोपऱ्यात, पेन्सिलीने, तुझ्या त्या मुंगीसारख्या अक्षरात एकच शब्द. कॅम्पनंतर.

उज्जैनचा कॅम्प तीन आठवड्यांवर होता. नव्या रिगची पहिली उडी.

म्हणजे तुला माहीत होतं. दिवाणावर बसून छाती चोळत होतास तेव्हा तुला माहीत होतं की तो गॅस नाही. माझ्या हातून ओवा खाताना माहीत होतं. तो ढेकर खोटा होता, मिलू. सहावीत असताना शाळा बुडवायला तू असेच ढेकर काढायचास, मी ओळखायला हवा होता. तू मला हसवण्यासाठी काढलास आणि मी हसले, आणि मग तेरा दिवस लोकांसमोर माझ्या तळहाताची गोष्ट सांगत बसले.

तुला आठवतं ना दादांचं. आपल्या वडिलांना कॅन्सर निघाला तेव्हा मी म्हटलं, त्यांना सध्या सांगायचं नाही. आपल्या घरात 'सध्या'चा अर्थ कधीच नाही असा होतो. आईचं दुखणं आपण आत्याला सध्या सांगितलं नव्हतं, काकांची नोकरी गेलेली काकूला सध्या सांगितली नव्हती. तू तेव्हा तिशीतही नव्हतास. हॉस्पिटलच्या जिन्यात माझ्याशी भांडलास. "त्यांचं शरीर आहे ताई, त्यांना माहीत असलं पाहिजे. तू कोण ठरवणारी?" मी ठरवलं. दादा शेवटच्या आठवड्यातही नर्मदेच्या परिक्रमेला कोण कोण येणार याची यादी करत होते. तू सहा महिने माझ्याशी सरळ बोलला नाहीस. मी चुकले होते. हे तुला आजवर सांगितलं नाही, कारण मी मोठी.

आणि त्याच तोंडाने तू कॅम्पनंतर लिहिलंस. सूबेदारजींच्या कॅम्पच्या फॉर्मवर, 'हृदयाचा काही त्रास?' याच्यापुढे, नाही लिहिलंस. मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मुझसे छुपाया? दीदी, ऊपर कुछ हो जाता तो बाकी लड़के भी साथ थे." हेही तुझ्या डोक्यात आलं नाही. पाकिटावरची तारीख बघणाऱ्या माणसाच्या.

बरं, मग मी काय केलं? ऐक, हसशील. ती चिठ्ठी मी पुन्हा चार घड्या घालून देव्हाऱ्याच्या खणात, उदबत्तीच्या पुड्याखाली ठेवली. गौरीला सध्या सांगायचं नाही, असं ठरवलं. बिचारीला आधीच काय कमी आहे. नवरा खोटं बोलत होता हे कळून काय मिळणार तिला. चार दिवस रोज दिवा लावताना खण उघडायचे आणि लावायचे.

आज सकाळी सूबेदारजींनी पुन्हा फोन केला. एक मुलगी रिग घ्यायला तयार आहे, तिला लिहून पाठवा. "दीदी, जो है सब लिखना. कहाँ दाग है, क्या हुआ, सब. इसमें कोई छुपाता नहीं." मी म्हटलं, "हाँ, मेरे भाई ने भी यही बोला था." आणि फोन ठेवून खण उघडला.

दुपारी गौरीकडे गेले. ती डाळ निवडत होती. मी कागद तिच्यापुढे ठेवला आणि गोष्ट न सांगता गप्प बसले, यावर तू विश्वास ठेवणार नाहीस. तिने वाचलं. उलटून पाहिलं. कोपऱ्यातल्या त्या शब्दावर बोट ठेवलं.

"कधी सापडली?"

"चार दिवस झाले."

"आणि आज आणलीत."

"आणणारच नव्हते."

मला वाटलं, ती आता घराबाहेर काढते. मग ती म्हणाली, "सोमवारी सकाळी आमचं भांडण झालं होतं ताई. त्या रिगवरून. मी म्हटलं, त्या झोळीशीच संसार करा. ते डबा न घेता निघाले. ओट्यावर होता, मला दिसत होता. मी हाक मारली नाही." ती डाळीकडे बघत बोलत होती. "डॉक्टर म्हणाले ना, टेन्शनने पण होतं. मला वाटलं, मीच. तुम्ही सगळ्यांना ओव्याचं सांगत होतात आणि मी बसून विचार करायचे, ताईंना काय माहीत."

अठरा दिवस, मिलू. एका खोलीत बसून मी म्हणत होते मी मारलं, ती म्हणत होती मी मारलं, आणि तुझा पेन्सिलीचा शब्द आधी कपाटातल्या रिगमध्ये आणि मग माझ्या देव्हाऱ्यात. मी अजून चार दिवस, चार महिने, तो पुडा तसाच ठेवला असता. ठेवला असता मी. ओळखतोस तू मला.

"गधा," गौरी म्हणाली. तुला आयुष्यभर अहो म्हणणारी गौरी. "पक्का गधा."

"उल्लू," मी म्हटलं.

"नालायक माणूस."

मग जे जे येत होतं ते आम्ही दोघींनी तुला म्हटलं. मराठीतलं संपल्यावर हिंदीवर आलो, हिंदीतलं संपल्यावर मी रिक्षावाल्यांकडून ऐकलेलं माळवी काढलं. डाळ खाली सांडली. रडलो का, तर हो, ते मध्येच कुठेतरी झालं. राग कमी झाला असेल असं समजू नकोस. तो आता दोन घरांत आहे.

चहा घेऊन आम्ही त्या मुलीसाठी यादी लिहायला बसलो. आधी मराठीत कच्ची. जुनी शिवण, मातीचा डाग, लिपस्टिक, सगळं त्या बंगळूरच्या बाईचं तसंच उतरवलं. खाली तुझ्या बाजूचं. डाव्या पट्ट्यावर बोटभर हळद, कारण मी पोळीभाजी करता करता एकदा तुला ढकलून पाहिलं होतं. या मालकाने मारलेल्या उड्या, एकही नाही. तिथे गौरीने पेन माझ्या हातात दिलं.

शेवटचा रकाना होता, विकण्याचं कारण. सूबेदारजी म्हणाले होते, बहुतेक लोक लिहितात, आता लहान पॅराशूट घेतोय.

मी म्हटलं, "काय लिहू? घरगुती अडचण?"

गौरीने पेन माझ्या हातातून घेतलं आणि लिहिलं, 'मालकाने डॉक्टरांचं ऐकलं नाही.'

मी ते इंग्रजीत उतरवून पाठवून दिलं, मिलू. एक शब्दही वाढवला नाही.